क्रीडावाहिन्या ढीगभर, मग आपले खेळ दिसतात कुठे?

तिसरी चढाई

माझी तक्रार क्रिकेटविरुद्ध नाही, हे आधीच सांगते. घरात सगळे क्रिकेट बघतात, मीही बघते. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला तेव्हा आमच्या गल्लीत मध्यरात्री फटाके वाजले, आणि ते वाजवणाऱ्यांत मीही होते. माझी तक्रार आहे ती बाकीच्या दिवसांची.

कुठल्याही साध्या दिवशी दुपारी रिमोट घेऊन क्रीडावाहिन्या फिरून बघा. एकीवर आयपीएलचा दोन वर्षांपूर्वीचा सामना. दुसरीवर २०११ च्या विश्वचषकातले ठळक क्षण. तिसरीवर परदेशातली टी-ट्वेंटी लीग, जिच्यातल्या संघांची नावंही आपल्याला ठाऊक नसतात. चौथीवर तिघेजण बसून उद्याच्या सामन्यावर बोलतायत. आणि बरोबर त्याच आठवड्यात कुठल्यातरी तालुक्याच्या गावी राज्य अजिंक्यपद कबड्डी रंगलेली असते. गॅलरी भरलेली, माणसं झाडावर चढून बघतायत. टीव्हीवर मात्र तिचा मागमूस नसतो. निकाल दुसऱ्या दिवशी पेपरात, आतल्या पानावर, चार ओळींत.

"बघणारे नाहीत म्हणून दाखवत नाहीत" हे उत्तर मला पटत नाही, कारण ते खोटं ठरलेलं मी बघितलंय. कॉलेजात असताना मी जिल्ह्याकडून कबड्डी खेळले, डाव्या कोपऱ्यावर. कोपरारक्षकाचं सगळं काम खाली, पायाशी चालतं. चढाईपटू बोनस रेषेकडे झुकला की त्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते हेरायचं आणि दुसरा पाय उचलून मागे घ्यायच्या आत घोटा धरायचा. अर्धं सेकंद उशीर झाला की तो मध्यरेषेवर पोचलाच. मैदानाबाहेर उभ्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही, त्याला फक्त धुरळा आणि ढीग दिसतो. २६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली आणि टीव्हीने पहिल्यांदा तो घोटा दाखवला. हळू गतीने, खालच्या कोनातून. पहिल्या हंगामाला ४३.५ कोटी प्रेक्षक मिळाल्याचा आकडा तेव्हा जाहीर झाला होता. आमच्या सासूबाईंनी आयुष्यात कधी मैदान बघितलं नव्हतं. त्या महिन्याभरात सुपर टॅकल आणि डू ऑर डाय रेड म्हणायला लागल्या.

खेळ तोच होता. बदललं काय? चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आली, कॅमेरे योग्य जागी लागले, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ ठरली. रोज रात्री जेवणाच्या सुमाराला, त्याच वाहिनीवर. माणसाला शोधावं लागलं नाही.

मग २०१६ ला प्रो कबड्डीच्याच लोकांनी मुलींची छोटी स्पर्धा घेतली. तीन संघ होते: फायर बर्ड्स, आइस दिवाज, स्टॉर्म क्वीन्स. अंतिम सामना २४-२३ असा एका गुणाने सुटला. मी तो उभ्याने बघितला, बसवत नव्हतं. याहून चांगली सुरुवात कुठल्या स्पर्धेला मिळते? पण ती तिथेच थांबली. पुरुषांची लीग वर्षामागून वर्षं चालू आहे, बारा संघांपर्यंत गेली. मुलींना ती संध्याकाळ परत मिळाली नाही.

माझी मागणी लहान आहे. आपल्या राज्यातल्या खेळांसाठी टीव्हीवर आठवड्यातली एक ठरलेली संध्याकाळ हवी. सह्याद्री वाहिनीवर दिली तर उत्तमच. कबड्डी, खो-खो, कुस्ती, फुटबॉल, काहीही असो, पण वार आणि वेळ बदलायची नाही.

तुम्हाला कुठला खेळ बघायचा असतो आणि मिळत नाही? आणि का मिळत नाही असं वाटतं?

बालेवाडी फाटा

धाग्यातल्या प्रत्येक वाक्याशी सहमत. माझा खेळ खो-खो.

ऑगस्ट २०२२ ला बालेवाडीत अल्टिमेट खो-खोचा पहिला हंगाम झाला. मी रोज जात होतो आणि घरी येऊन तोच सामना परत टीव्हीवर बघत होतो, कारण दोन्हीकडे वेगळं दिसायचं. नियम बदलले होते. सात मिनिटांची पाळी, आणि 'वजीर' नावाचा गडी, ज्याला दिशेचं बंधन नाही. जुने लोक नाराज होते, पण माझ्या भाच्यांना त्यामुळेच खेळ कळला. दुसरा हंगाम झाला थेट डिसेंबर २०२३ ला, कटकला. मधे सोळा महिने गेले. तोवर भाचे दुसरीकडे वळले होते.

नंतर जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. दोन्ही संघ आपले जिंकले, दोन्ही अंतिम सामने नेपाळविरुद्ध. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर, महिलांची प्रियांका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे. तो आठवडा टीव्हीवर खो-खो होता. त्याच्या आधी नाही, नंतर नाही. म्हणजे तुम्ही म्हणताय तेच. खेळ दिसतो, पण ठरावीक दिसत नाही.

जाता जाता एक. खो-खोत टीव्हीने अजून एक गोष्ट नीट टिपलेली नाही. एकेरी साखळीत पळणारी मुलगी बसलेल्या गड्याच्या खांद्याकडे बघत असते. खो मिळाला की उठणाऱ्याचा खांदा आधी हलतो, मग पाय. त्या एका झटक्यावर ती दिशा बदलते. हे दाखवायला कॅमेरा बसलेल्यांच्या उंचीवर हवा. वरून बघितलं तर नुसती पळापळ दिसते आणि नवीन माणूस म्हणतो, यात काय विशेष?

वाजवी बोला

भावना समजतात, पण पैशाचं गणित कुणीतरी मांडायला हवं, म्हणून लिहितोय.

आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले, ४१० सामन्यांसाठी. म्हणजे एका सामन्यामागे साधारण ११८ कोटी. एवढे मोजल्यावर ती कंपनी दुपारी दोन वाजता जुना सामना का दाखवते? कारण त्याचे पैसे देऊन झालेत. नवीन कबड्डी दाखवायची तर कॅमेरे न्यायचे, माणसं न्यायची, समालोचक बसवायचे. जुना सामना नुसता लावायचा असतो. रिकाम्या दुपारचा तो सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

दुसरं, जाहिरात. क्रिकेटमध्ये षटक संपलं की जाहिरात, गडी बाद झाला की जाहिरात. खेळाच्या रचनेतच जागा आहेत. फुटबॉल पंचेचाळीस मिनिटं थांबत नाही. कबड्डीत वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. कुस्ती तर कधी पहिल्याच मिनिटाला निकाली होते. जाहिरातदाराला आधी सांगावं लागतं की तुझी जाहिरात किती वेळा दिसेल. कुस्तीत ते कोण सांगणार?

वाहिनीला दोष देऊन उपयोग नाही. तिने धंदा करायचा तो केला.

तिसरी चढाई

@वाजवी बोला, जुना सामना स्वस्त पडतो हा मुद्दा चांगला मांडलात, मान्य. खासगी वाहिनीकडून मी धर्मादाय मागत नाहीये. म्हणून तर सह्याद्रीचं नाव घेतलं.

प्रक्षेपणाच्या हवेतल्या लहरी (एअरवेव्हज) ही जनतेची मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलंय, तेही क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून झालेल्या वादात. डीडी स्पोर्ट्स १९९८ पासून आहे. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी कंपनीला दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावं लागतं. हे सगळं लोकांच्या नावाने झालं. मग सह्याद्रीवर आठवड्यातले दोन तास लोकांच्या खेळाला मागणं चूक कसं?

साताऱ्याचा

कायद्याचा विषय निघालाय तर एक शंका. वडील साताऱ्याला एकटे असतात. खासगी डीटीएच आहे. भारताचा सामना दूरदर्शनवर आहे असं पेपरात वाचून ते वेळेवर वाहिनी लावतात आणि तिथे भलताच कार्यक्रम चालू असतो. शेजारी फ्री डिश आहे, त्यांच्याकडे त्याच वाहिनीवर सामना. वडील मला फोन करून विचारतात, आपलं काय बिघडलंय? मी दोनदा कंपनीला तक्रार केली. त्यांनी नुसतं सेट टॉप बॉक्स बंद करून चालू करायला सांगितलं.

केबलवाला

@साताऱ्याचा, तुमच्याकडे काही बिघडलेलं नाही. ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. २००७ च्या कायद्याखाली दूरदर्शनला मिळणारा सामना फक्त त्यांच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवर दाखवायचा, खासगी केबल-डीटीएचवरच्या दूरदर्शन वाहिनीवर नाही. कारण सरळ आहे. कंपनीने हक्कांसाठी पैसे मोजलेत. तोच सामना केबलवर फुकट दिसला तर तिची वाहिनी कोण घेणार? बॉक्स बंद-चालू करून फरक पडणार नाही. कंपनीच्या माणसाने हे वडिलांना नीट सांगायला हवं होतं.

मी वीस-पंचवीस वर्षं या धंद्यात आहे. २०१९ पासून वाहिन्या एकेक निवडायची सोय आली, तेव्हा वाटलं लोक हवं तेवढंच घेतील. प्रत्यक्षात निवडायला बसतं कोण? पॅक घेतात. पॅकमध्ये एकाच कंपनीच्या तीन-चार क्रीडावाहिन्या, आणि भारताचा सामना असला की त्यातल्या निम्म्यांवर तोच, हिंदीत, इंग्रजीत, तमिळमध्ये. गिऱ्हाईक म्हणतं, एवढ्या वाहिन्यांचे पैसे भरतो आणि दिसतं एकच. बरोबर बोलतं ते.

त्यात २०२४ च्या नोव्हेंबरात दोन मोठे समूह एक झाले. आता बहुतेक मोठ्या स्पर्धांचे हक्क दोनच घरांत आहेत. पूर्वी एकाकडे क्रिकेट असलं की दुसरा त्याला तोंड द्यायला म्हणून तरी वेगळा खेळ आणायचा.

फातोर्डा

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे उलटं आहे. इथे फुटबॉल हाच घरचा खेळ, आणि त्याच्यासाठीच सगळ्यात जास्त शोधाशोध.

हक्कांच्या फिरतीवर कुणी बोललं नाही. २०१८ चा फुटबॉल विश्वचषक एका कंपनीकडे, २०२२ चा दुसरीकडे. इंडियन सुपर लीग २०१४ पासून एका घरी होती, २०२३ ला दुसऱ्या घरी गेली. दर वेळी पॅक बदलायचा, नाहीतर ॲप घ्यायचं. एफसी गोवाने २०२१ ला कोलकात्यात ड्युरंड कप जिंकला तेव्हा माझे काका सामना सुरू होऊन वीस मिनिटं झाली तरी वाहिनी शोधत होते. ज्या माणसाने उभं आयुष्य साळगावकर आणि धेंपो या इथल्या क्लबांचे सामने मैदानात बसून बघितले, त्याला आपल्याच संघाचा अंतिम सामना टीव्हीवर सापडू नये याचं मला फार वाईट वाटलं.

१९८६ चा मेक्सिकोतला विश्वचषक दूरदर्शनवर थेट दिसला होता. मॅराडोना आमच्या गावात त्या टीव्हीमुळे पोचला. एकच वाहिनी होती, पण सगळ्यांना ठाऊक होतं कुठे बघायचं.

पॉवरप्ले

प्रामाणिक प्रश्न: टीव्हीच कशाला हवा? खो-खो, कबड्डी, कुस्ती, सगळं यूट्यूबवर थेट असतं. मी बावीस वर्षांचा आहे, माझ्या खोलीवर टीव्हीच नाही. २८ जुलै २०२५ ला दिव्या देशमुखने बाटुमीला कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, ती लढत आम्ही मेसमध्ये मोबाइलवर बघितली. उत्तम समालोचन होतं. वाहिनीने दाखवलं असतं तर एवढं समजावून सांगितलं असतं का?

हलगी

कोल्हापूरचा आहे. @पॉवरप्ले, तुझ्या म्हणण्यात तथ्य आहे आणि पुरावा आमच्याच गावात आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचा फुटबॉल सामना असला की स्टेडियम भरतंच, शिवाय बाहेरगावी नोकरीला गेलेले पेठेतले लोक पुण्या-मुंबईत, दुबईत यूट्यूबवर बघत असतात. हे आम्ही कुठल्या वाहिनीच्या मेहेरबानीवर नाही केलं. कुस्तीच्या मैदानांचंही तसंच. गावोगावची जत्रेची मैदानं थेट दिसतात, निवेदकाचा आवाज, हलगी, सगळं.

पण ते बघतो कोण? ज्याला आधीच माहीत आहे तो. पाटाकडीलचा सामना पेठेतलाच माणूस शोधून बघतो. नाशिकच्या पोराला तो कधी दिसत नाही, कारण त्याने तो कधी शोधलेलाच नसतो. मोबाइल तुला तेच परत दाखवतो जे तू काल बघितलंस. २०१४ ला लोकांनी कबड्डी शोधली नव्हती, त्यांच्यासमोर ती आली.

टीव्हीवर कुस्ती येते कधी, तर वाद झाला की. २०२५ ला अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत पंचांच्या निर्णयावरून गोंधळ झाला, तो तुकडा सगळ्या वृत्तवाहिन्यांनी दिवसभर फिरवला. त्याच स्पर्धेत इतर वजनी गटांत ज्या देखण्या कुस्त्या झाल्या, एकेका पोराने ढाक आणि घिस्सा हे डाव मारून निकाली केल्या, त्यांचं एक सेकंदही नाही. बाहेरच्या माणसाला आमचा खेळ म्हणजे भांडण वाटतो. याचा मला संताप येतो.

स्वप्निल कुसाळेचं घ्या. राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसला पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनची अंतिम फेरी. त्या दिवशी अख्खा जिल्हा टीव्हीसमोर, आणि निम्म्यांना कळत नव्हतं काय चाललंय. आधी गुडघ्यावर, मग झोपून, मग उभ्याने. गुडघ्यावरच्या फेरीनंतर तो सहावा होता, तेव्हा आमच्या चौकातले अर्धे लोक गेलं म्हणून उठून गेले. उभ्याने नेम धरणं सगळ्यात कठीण, तिथे भले भले घसरतात, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. तिथेच तो वर आला आणि ४५१.४ गुणांनी कांस्य घेतलं. चार वर्षांतून एकदा नेमबाजी दाखवली तर माणसाला खेळ कळणार कसा?

अष्टी ते पुणे

+१ हलगी. आमच्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे. २०२२ ला बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये रौप्य, ८:११.२०. पहिल्या आलेल्या केनियाच्या धावपटूत आणि त्याच्यात पाच शतांश सेकंद. १९९८ पासून २०१८ पर्यंत त्या शर्यतीची सगळीच्या सगळी पदकं केनियाने नेली होती. ती साखळी आमच्या भागातल्या पोराने तोडली.

पण डायमंड लीग या जागतिक ॲथलेटिक्स मालिकेच्या शर्यती इथे किती जणांना बघायला मिळतात? मी तालुक्यातल्या शाळेत शिकवते. खेळाच्या तासाला मुलांना विचारलं, साबळे काय पळतो? "लांब पळतो," म्हणाली. अडथळा ओलांडून पाण्यात पाय टाकायचा असतो, ओल्या बुटाने पुढचे फेरे पळायचे असतात, हे त्यांनी बघितलेलंच नाही. वर्गातल्या प्रत्येकाला सलामीच्या फलंदाजाची बॅट कुठल्या कंपनीची ते ठाऊक आहे. आणि @पॉवरप्ले, यातल्या बऱ्याच घरांत एकच मोबाइल आहे, तो वडिलांच्या खिशात असतो. टीव्ही मात्र सगळ्यांसमोर असतो.

न्यूजर्सीकर

इथे अमेरिकेत राहून एक वेगळी गोष्ट दिसते. क्रिकेटसाठी मला वेगळे पैसे भरून वाहिनी घ्यावी लागते, तो इथला कोपऱ्यातला खेळ. पण विद्यापीठातल्या मुलींचा व्हॉलीबॉल टीव्हीवर नियमित असतो. बिग टेन या विद्यापीठांच्या गटाची २००७ पासून स्वतःची वाहिनी आहे. माझी मुलगी शाळेत व्हॉलीबॉल खेळते ते तिथे बघून. या खेळाडू प्रसिद्ध नाहीत. आठवड्यामागून आठवडा दिसतात, म्हणून ओळखीच्या झाल्या.

आपली आंतरविद्यापीठ स्पर्धा किती वर्षांची आहे! कुणी कधी बघितली टीव्हीवर?

वऱ्हाडी

नागपूर. दिव्याचं नाव निघालं म्हणून लिहितो, पण माझं दुखणं वेगळं आहे. क्रिकेटवाल्यांना तरी क्रिकेट मिळतं का? २०२४-२५ ची रणजी आमच्या विदर्भाने जिंकली, केरळविरुद्धचा अंतिम सामना इथेच नागपूरला झाला. अंतिम सामना दाखवला, हो. पण साखळी फेरीत एका वेळी राज्याराज्यांत इतके सामने चालू असतात, त्यातले मोजकेच प्रक्षेपित होतात. विदर्भाचा सामना मी मोबाइलवर धावफलक ताजा करत करत बघतो. दुसऱ्या दिवशीच्या दुपारी फिरकीपटू कसा टाकतोय हे आकड्यांतून काय कळणार? आणि त्याच वेळी टीव्हीवर तिसऱ्या देशातली लीग.

धनुर्विद्येचं तर विचारूच नका. ऑगस्ट २०२३ ला बर्लिनला एकाच दिवशी साताऱ्याची आदिती स्वामी आणि आमच्या नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले. ओजसने अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेतले. पंधरा बाण, पंधराही मधल्या वर्तुळात. असा दिवस एखाद्या राज्याला किती वेळा येतो?

मागचा कॅमेरा

प्रक्षेपणाच्या कामात आहे, लहान स्पर्धा करतो, म्हणून थोडं आतलं सांगतो.

खर्च हा मुद्दा आहे, पण लोक समजतात तेवढा मोठा नाही. कबड्डीचं पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८. एवढ्या जागेला तीन कॅमेरे पुरतात. एक मध्यरेषेवर उंच, ज्यात सातही बचावपटू दिसतील. दुसरा अंतिम रेषेमागे जमिनीलगत, तिसरी चढाईताईंचा तो घोटा दाखवायला. तिसरा खांद्यावर, पंच आणि प्रशिक्षकांसाठी. खो-खोला एखादा वाढवा, वर सांगितलेला बसलेल्यांच्या उंचीवरचा. वीस कॅमेऱ्यांची लीग वेगळी आणि नीट दिसेल असा सामना वेगळा.

खरी अडचण ठरलेपणाची आहे, आणि ती आयोजकांकडे आहे. मला फोन येतो स्पर्धेच्या चार दिवस आधी. तारखा पाहुण्यांच्या सोयीने हलतात. उद्घाटनाला पाहुणे उशिरा येतात, संध्याकाळी सहाचा सामना साडेनऊला सुरू होतो. कुठली वाहिनी अशा स्पर्धेला वेळ देईल? मी स्वतः बघितलंय, मुलींचा उपांत्य सामना रात्री साडेबाराला लावला. थंडीत, रिकाम्या गॅलरीसमोर. त्या मुली सकाळपासून तिथेच बसून होत्या.

आणि पडद्यावर गुण दिसत नाहीत. मंडळी कॅमेरा लावतात पण गुणफलक जोडत नाहीत. मधूनच आलेल्या माणसाला कोण पुढे आहे तेच कळत नाही, तो दहा सेकंदांत निघून जातो. समालोचक अर्धा वेळ देणगीदारांची नावं वाचतो. हे सुधारायला कुठलीही वाहिनी लागत नाही.

तिसरी चढाई

@मागचा कॅमेरा, साडेबाराचा सामना वाचून गप्प बसले. आमच्या वेळीही हेच होतं. पाहुणे निघून गेले की मुलींचे सामने. तुमचं म्हणणं पूर्ण पटलं. वेळ टीव्हीने द्यायची आणि संघटनेने पाळायची, दोन्ही एकदम झालं तरच.

@पॉवरप्ले, तुझ्या प्रश्नाला हलगी आणि आष्टीच्या बाईंनी माझ्यापेक्षा चांगलं उत्तर दिलंय. एकच भर घालते: प्रक्षेपण यूट्यूबवरही राहू दे, सह्याद्रीवरही येऊ दे. एकाने दुसऱ्याचं काही बिघडत नाही.

मी सह्याद्रीच्या केंद्राला आणि राज्य कबड्डी संघटनेला एकत्र पत्र लिहायला घेतलंय. मागणी अशी: राज्य अजिंक्यपदाचे उपांत्यपूर्व फेरीपासूनचे सामने, मुली आणि मुलगे दोन्ही, ठरलेल्या वेळी. उरलेल्या आठवड्यांत खो-खो, कुस्ती, फुटबॉल आळीपाळीने. सही करायला कोण कोण तयार आहे?

केबलवाला

मी तयार. आमच्या तालुक्यातले बाकीचे चालकही करतील. आमच्या स्थानिक वाहिनीवर जागा आहे, जिल्हा स्पर्धा तिथे फुकट दाखवू. फक्त गुणफलक लावून द्या.

वाजवी बोला

माझीही सही घ्या. पण पत्रात प्रायोजकाचा मुद्दा घाला, नाहीतर पहिल्याच टेबलावर अडकेल. राज्यातल्या सहकारी बँका, दूध संघ, साखर कारखाने आजही स्थानिक स्पर्धांना पैसे देतात, मंडपावर फलक लावून. तोच फलक टीव्हीवर दिसणार असेल तर ते जास्त देतील. वर्षाचं वेळापत्रक आधी छापलेलं असेल तर त्यांच्या अंदाजपत्रकातही बसेल.

अष्टी ते पुणे

शाळांच्या वतीने मी सही करते. वेळ मात्र सात ते नऊ ठेवा. नऊनंतर आमच्याकडची मुलं झोपतात, पहाटे उठून त्यांना दोन-तीन किलोमीटर चालत शाळेत यायचं असतं.

मागचा कॅमेरा

तर मग पत्रात हे वाक्य टाकाच: "प्रक्षेपणाच्या दिवशी पहिला सामना मुलींचा, संध्याकाळी ठीक सात वाजता, पाहुण्यांचा सत्कार मध्यंतरात." आयोजक सत्काराची जागा सोडणार नाहीत, म्हणून ती काढून घेऊ नका, नुसती हलवा. आणि मला तारखा महिनाभर आधी द्या. तीन कॅमेरे घेऊन येतो.